विश्लेषण : एक डॉक्टर, बारा रुग्ण, दीड तास... ‘गट तपासणी’ पालघर-बोईसरला चालेल का?

रक्तदाब किंवा मधुमेहाची गोळी लिहून द्यायला दोन मिनिटे पुरतात. ती गोळी वर्षानुवर्षे घेत राहण्यात काय अडचण येते, हे मात्र दोन मिनिटांत विचारूनही होत नाही. त्यावर उपाय म्हणून काही देशांत, आणि आता भारतातही, आठ-दहा रुग्णांना एकाच खोलीत, एकाच वेळी तपासण्याची पद्धत वापरून पाहिली गेली आहे. तारापूरच्या तीन पाळ्या, किनाऱ्यावरची मासेमारी आणि जव्हार-मोखाड्याचे स्थलांतर असलेल्या पालघर जिल्ह्यात ती कितपत उपयोगी ठरेल?

मुळात दुखणे कुठे आहे?

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा दिवस पाळीवर चालतो. फर्स्ट शिफ्ट असेल तर तो सकाळी गेटवर असतो, नाईट असेल तर सकाळी झोपलेला असतो. सरकारी ओपीडीची मुख्य वेळ नेमकी सकाळचीच. म्हणजे केसपेपर काढायचा तर झोप मोडायची किंवा खाडा करायचा. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

एवढे करून डॉक्टरांसमोर पोहोचल्यावर वेळ किती मिळतो? ६७ देशांतील आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. प्राथमिक उपचारांच्या ठिकाणी डॉक्टर एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे, असे त्यात आढळले. बाहेर रांग असताना डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या दोन मिनिटांत ‘गोळ्या चालू ठेवा, मीठ कमी करा, चालायला जा’ याच्या पलीकडे काही बोलता येत नाही, हेही खरेच.

तापाला हे चालते, कारण ताप उतरतो. रक्तदाब आणि मधुमेह उतरत नाहीत, आणि अनेक वर्षे दुखतही नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणानुसार (२०२३) देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब. यातले अनेकजण गोळी सुरू करतात आणि बरे वाटले की सोडतात. घरचेच उदाहरण सांगायचे तर माझे वडील अनेक महिने बीपीची गोळी ‘डोके जड झाले की’ घ्यायचे. त्यांना तसे करू नका असे कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण ते तसे करतात का, हे कोणी विचारलेच नव्हते. पालघरमध्ये अशा सुटलेल्या गोळीची किंमत मोठी आहे. पक्षाघाताचा झटका आला किंवा मूत्रपिंड निकामी झाले की इथल्या रुग्णाला अनेकदा सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते.

गट तपासणी म्हणजे नेमके काय?

आधी ती काय नाही, ते पाहू. हे आरोग्य शिबिर नव्हे. शिबिरात बॅनर लागतो, एका दिवसात शेकडो लोकांची साखर तपासली जाते, फोटो निघतो आणि पुढच्या महिन्यात त्यातले कोण कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. हे व्याख्यानही नव्हे. गट तपासणीत प्रत्येक रुग्णाची खरी वैद्यकीय तपासणी होते, औषधाचा डोस बदलतो, केसपेपरवर नोंद होते. फरक एवढाच की हे सगळे इतर रुग्णांच्या समोर होते, आणि दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी तीच माणसे पुन्हा भेटतात.

समजा, बोईसरजवळच्या एखाद्या आरोग्य केंद्रात बारा रुग्ण गोल बसले आहेत. आल्या आल्या आरोग्यसेविकेने वजन, रक्तदाब, साखर मोजून आकडे प्रत्येकाच्या कागदावर लिहिले आहेत. डॉक्टर एकेकाकडे वळतात.

“काका, मागच्या वेळी वरचा आकडा १४० होता, आज १६० झालाय. गोळी चालू आहे ना?”

“संपली होती डॉक्टर. बरं वाटत होतं, म्हणून आणली नाही.”

डॉक्टर लगेच रागावत नाहीत. ‘अजून कोणाचं असं झालं?’ असे गटालाच विचारतात. तीन हात वर होतात. एका मावशी सांगतात की त्यांनी गोळ्यांचे पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून विसर पडत नाही. डॉक्टर काकांच्या कागदावर औषध लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. एकच गोष्ट बारा वेळा सांगण्याऐवजी ती एकदा सांगितली जाते, आणि बाराजण ती चौघांच्या तोंडून ऐकतात. ज्याला खासगी काही सांगायचे असेल त्याला शेवटी डॉक्टर पाच मिनिटे आत वेगळे बोलावतात.

वेळेचा हिशेब सोपा आहे. बारा रुग्णांना प्रत्येकी सात-आठ मिनिटे दिली तर दीड तास जातो. गटातही दीड तासच जातो, पण प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला दीड तास येतो. केमिकल इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हे ऐकून लगेच ‘बॅच प्रोसेस’ आठवते. पण तुलना इथेच संपते. रिअॅक्टरमधल्या बॅचमध्ये सगळा माल सारखा असावा लागतो. गटाचा फायदा मात्र माणसे वेगवेगळी असण्यात आहे. दहा वर्षे मधुमेह सांभाळलेला आणि गेल्या महिन्यात निदान झालेला शेजारी बसले, तरच दुसऱ्याला पहिल्याकडून काही मिळते.

ही कल्पना आली कुठून?

ती वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १९०५ मध्ये बोस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोगाच्या गरीब रुग्णांचा ‘वर्ग’ सुरू केला. सॅनिटोरियमचा खर्च न झेपणारे हे लोक चाळवजा घरांत राहत. प्रॅट त्यांना दर आठवड्याला एकत्र बोलवत, वजन करत, रोजची विश्रांती आणि आहार यांची वही तपासत. एकाचे वजन वाढले की ते पाहून बाकीच्यांना धीर येतो, हे त्यांच्या लक्षात आले. क्षयरोगावर तेव्हा औषधच नव्हते, त्यामुळे धीराला मोल होते.

आजचे स्वरूप आले ते अमेरिकेतील ‘कैसर पर्मनेंट’ या मोठ्या आरोग्यसंस्थेत. तिच्या कोलोरॅडोतील केंद्रात डॉ. जॉन स्कॉट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वृद्ध रुग्णांचे मासिक गट सुरू केले. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे एडवर्ड नॉफसिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दीड तासाच्या गट तपासणीचा साचा बसवला. त्यात डॉक्टरांसोबत गट सांभाळणारी दुसरी व्यक्ती हवी, हा त्यांचा आग्रह होता. डॉक्टर एकाला तपासत असताना बाकीच्या अकरांशी कोण बोलणार, हा त्यामागचा साधा प्रश्न.

याने खरेच फरक पडतो का?

सर्वात बोलका पुरावा इटलीतील तुरिन शहराचा. तिथे टाइप टू मधुमेहाच्या ११२ रुग्णांचे दोन भाग केले. अर्ध्यांना नेहमीसारखे एकेकटे तपासले, अर्ध्यांना गटात. पाच वर्षांनी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी एकेकट्या रुग्णांमध्ये १.७ टक्के अंकांनी वाढली होती. गटातल्यांची जवळपास होती तिथेच राहिली, फक्त ०.१ ने वाढली. मधुमेह वर्षांगणिक बळावत जाणारा आजार आहे, त्यामुळे ‘होते तिथेच’ हे मोठे यश.

पुढे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले गेले तेव्हा चित्र थोडे सौम्य झाले. एचबीए१सी सरासरी अर्ध्या टक्क्याने आणि रक्तदाबाचा वरचा आकडा सुमारे पाच अंकांनी कमी होतो, कोलेस्टेरॉलवर ठळक परिणाम दिसत नाही, असे आढळले. चमत्कार नाही, पण एखादी जादा गोळी जेवढे करते साधारण तेवढे.

भारतातला मोठा प्रयोग काचबिंदूचा आहे. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात सुमारे हजार रुग्णांवर चाचणी झाली, प्रत्येक गटात पाचच्या आसपास रुग्ण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गटातल्या रुग्णांचे समाधान आणि आजाराची माहिती जास्त होती, आणि डोळ्यांत थेंब घालण्यातही ते अधिक नियमित होते. भारतीय रुग्ण दुसऱ्यांसमोर तोंड उघडणार नाही, या शंकेला या प्रयोगाने बऱ्यापैकी उत्तर दिले.

तरी पालघरसाठी मला आफ्रिकेतले दोन अनुभव जास्त जवळचे वाटतात. पहिला दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीचा. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या, तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांचे तीस-तीसचे ‘क्लब’ तिथे २००७ मध्ये सुरू झाले. दोन महिन्यांतून एकदा भेटायचे, वजन करायचे, आधीच बांधून ठेवलेली औषधे घ्यायची आणि कामाला जायचे. क्लब चालवायला डॉक्टर नव्हे, प्रशिक्षित कार्यकर्ता. चाळीस महिन्यांनी क्लबमधले ९७ टक्के लोक उपचारांत टिकून होते, नेहमीच्या पद्धतीत ८५ टक्के. अर्थात क्लबमध्ये मुळातच नियमित रुग्ण घेतले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा केनियाचा. पश्चिम केनियात सुमारे २९०० रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. काहींना गट तपासणी, काहींना बचत गट, काहींना दोन्ही एकत्र, आणि काहींना नेहमीचे उपचार. दोन्ही मिळालेल्यांचा रक्तदाब १६.४ अंकांनी उतरला. ऐकायला छान वाटते. पण नेहमीच्या उपचारांतही तो ११.४ ने उतरला होता, आणि इतर घटक वजा करता उरलेला तीन-चार अंकांचा फरक योगायोगाचा नाही, असे सांख्यिकीच्या कसोटीवर ठामपणे म्हणता आले नाही. गट तपासणीच्या प्रचारात ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

पालघर जिल्ह्यात त्यासाठी काय उपलब्ध आहे?

सुटे भाग जवळपास सगळे आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी करणे हा राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई घरोघरी जाऊन त्यासाठीचा तक्ता भरतात. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी ते देऊ शकतात, आणि ‘ई-संजीवनी’वरून डॉक्टरांशी बोलूही शकतात. आशांना द्यायच्या प्रशिक्षणातच ‘रुग्ण आधार गट’ ही कल्पना आहे.

मग उणीव कशाची? आधार गटात गप्पा आणि सल्ला होतो, औषध बदलत नाही. ओपीडीत औषध बदलते, गप्पा होत नाहीत. गट तपासणी म्हणजे या दोन गोष्टी एका खोलीत आणणे. महिन्यातला एक ठरलेला वार, तेच बाराजण, आणि डॉक्टर प्रत्यक्ष किंवा पडद्यावर. नवी इमारत यात कुठेच नाही.

महाराष्ट्राला नियमित उपचारांचा अनुभवही आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे पहिले जिल्हे होते. सर्वांना एकसारखी, ठरलेल्या क्रमाची औषधे, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाची यादी, हे त्याचे सूत्र. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने तर सिकलसेल, मधुमेह, अपस्मार अशा आजारांच्या रुग्णांचे गटच बांधले. आदिवासी भागात, कमी डॉक्टरांत हे कसे चालते ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही.

गटाचा खरा उपयोग होतो तो सल्ल्याला स्थानिक रूप देण्यात. ‘मीठ कमी करा’ हे वाक्य सातपाटी, मुरबे किंवा दांडीच्या घरात काय अर्थाने पोहोचते? पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा ताटात सुकी आणि खारवलेली मासळी असते. खारा मासा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकायचे, सुक्या बोंबलाच्या कालवणात वरून मीठ घालायचे नाही, लोणचे आणि पापड त्याच दिवशी नको, ही अक्कल डॉक्टरांपेक्षा शेजारी बसलेल्या बाईकडे जास्त असते. तसेच पायांचे. विक्रमगड-वाड्याकडे भातलावणीत दिवसभर पाय चिखलात असतात. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही. गटात सगळ्यांची पावले एकदम तपासली जातात, आणि एकाच्या तळव्यावरची जखम बाकीच्यांना जे सांगते ते पत्रक सांगत नाही.

कारखान्यांचीही यात जागा आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगारांची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे रक्तदाब सापडतो, कागदावर नोंदला जातो. त्यानंतरचे अकरा महिने हा प्रश्न आहे. शिफ्ट बदलण्याच्या वेळेला, गेटजवळच महिन्यातून एकदा गट भरला तर खाडा वाचेल. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या वसाहतीतल्या कामगाराला स्वतःची गोळी आणायला मजुरी बुडवावी लागावी, हे तसे विचित्रच.

सगळ्यांसमोर आजार उघड होतो, त्याचे काय?

हा सर्वात अवघड भाग आहे. परदेशात गटात बसण्याआधी ‘इथले बाहेर बोलणार नाही’ अशा कागदावर सह्या घेतात. बारा अनोळखी माणसांत तो कागद पुरतो. पाड्यावर सगळे एकमेकांचे नातलग असताना तो किती पुरणार? रक्तदाबाबद्दल फारशी लाज नसते. सिकलसेलबद्दल असते. जिल्ह्यातील आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार आढळतो, १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत देशभरात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. रुग्णांना त्याचा गट नक्कीच उपयोगी पडेल, कारण अंगदुखीचा झटका कशाने येतो, पाणी किती प्यायचे, हायड्रॉक्सियुरिया घेताना रक्ततपासणी का चुकवायची नाही, हे वर्षानुवर्षे सांगावे लागते. पण त्या खोलीत दिसलेल्या मुलीच्या लग्नाचे काय होईल, ही आईची भीती खोटी नाही. असा गट पाड्यावर न भरवता तालुक्याच्या ठिकाणी भरवावा लागेल.

कारखान्यात भीती वेगळी. साखर वाढल्याचे सुपरवायझरला कळले तर उंचावरचे काम, क्रेन, नाईट शिफ्टचा भत्ता जाईल, आणि कंत्राटी माणूस असेल तर कदाचित कामच जाईल. त्यामुळे गेटवरचा गट कंपनीच्या माणसाने चालवता कामा नये, आणि त्याची नोंदवही कंपनीच्या कपाटात राहता कामा नये. ही अट नसेल तर गट न भरवलेलाच बरा.

शिवाय काहींसाठी गट नाहीच. छातीत दुखणारा, पायाला जखम चिघळलेला, मनाने खचलेला, नुकतेच मोठे निदान कळलेला, ऐकू न येणारा, अशा रुग्णाला एकटेच पाहायला हवे. आणि ज्याला गटात बसायचे नाही, त्याला ओपीडीची रांग खुली हवी.

मग अडते कुठे?

पहिली अडचण गोळ्यांची. गट जमला आणि औषध संपले असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोणी येत नाही. दुसरी माणसांची. डॉक्टरांची रिक्त पदे हा जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे, आणि दीड तास एकाच खोलीत बसणाऱ्या डॉक्टरांची बाहेरची रांग त्या दिवशी लांबणार, हे मान्य करावे लागेल. गट सांभाळणारी दुसरी व्यक्ती म्हणून आशाताईंचे नाव लगेच सुचते, पण त्यांच्यावर आधीच किती कामे आहेत हे पाहता त्यासाठी वेगळा मोबदला न ठरवता हे त्यांच्या गळ्यात टाकणे अन्यायाचे होईल.

भाषाही आडवी येते. बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत, किनाऱ्यावर मांगेली बोलली जाते, डोंगरात वारली. मिश्र गटात ज्याची भाषा बोलली जात नाही तो मान हलवत बसतो, आणि मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे. गट भाषेनुसार बांधणे हाच त्यावर मार्ग.

आणि सर्वात मोठी अडचण दिनदर्शिकेची. जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली कुटुंबे दिवाळीनंतर वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. अनेकजण परततात ते पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये बांधलेला बारा जणांचा गट डिसेंबरात चार-पाचांवर आलेला असेल. म्हणून गट इथे सुरू करायचाच असेल तर दिवाळीआधीच्या भेटीत दोन गोष्टी व्हायला हव्यात : जाणाऱ्याच्या हातात तीन महिन्यांच्या गोळ्या आणि उपचारांची नोंद असलेला कागद, आणि मागे राहणाऱ्या कोणाकडे तरी त्याचा फोन नंबर आणि तो कोणत्या भट्टीवर आहे त्या गावाचे नाव.